खरेदी मुकादमाकडे: आमच्या डाळमिलची वाटचाल

लातूरच्या आडत बाजारात तुरीचा सौदा निघतो तेव्हा आमच्या मिलकडून बोली लावतो तो आमचा मुकादम. हमालीला आलेला माणूस. वडिलांच्या काळी खरेदी, मशीन, वाळवण, उधारी, सगळं मालकाच्याच डोक्यात असायचं. मालक बाजारात अडकला की इकडं रोलर रिकामा.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. दुष्काळानं मालच नव्हता, मिल बहुतेक बंद. त्या रिकाम्या वेळात ठरवलं, खरेदी मुकादमाकडे द्यायची. लगेच नाही. आधी तो माझ्या शेजारी उभा राहायचा आणि बोली सुरू व्हायच्या आत हळूच आपला भाव सांगायचा, कारणासकट. कारण नसेल तर भाव ऐकायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पुढच्या हंगामात बोली त्याची, मी मागं गप्प. मग हद्द आखून दिली: बाजारभावाच्या वर क्विंटलला शंभर रुपयांपर्यंत तू ठरव. ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला तर फोन कर. बाकी काही विचारू नको. पगारही तेव्हाच वाढवला. नुसती जबाबदारी वाढवून पगार तेवढाच ठेवणारे मालक मी बघितलेत, त्यांची माणसं टिकत नाहीत.

पहिल्याच महिन्यात त्यानं बदनापूरची पांढरी ७११ या वाणाची तूर घेतली. दिसायला देखणी, वरून कोरडी, आतून ओली. रोलरवर साल सुटेना, दुसरा फेरा द्यावा लागला आणि तुकडा वाढला. आमच्याकडे शंभर किलो तुरीला सत्तर-पंचाहत्तर किलो डाळीचा उतारा पडतो, बाकी चुनी आणि टरफल. त्या मालाचा उतारा फारच खाली आला. मी काही बोललो नाही. तो माल निघेपर्यंत त्याला मशीनपाशी उभं केलं, एवढंच. तेव्हापासून तो बोलीआधी चार जागचे दाणे दातांखाली धरतो. कट्ट आवाज आला तरच पुढं.

खरी अडचण आडत्यांची. "शेठ, तुमचा माणूस लई भाव तोडतो, तुम्हीच या बरं," असे फोन यायचे. एकदा जरी मी गेलो असतो, तरी त्याच्या शब्दाला बाजारात किंमत उरली नसती. माझं उत्तर ठरलेलं: "त्यांच्याशीच बोला." हळूहळू फोन थांबले.

वाळवणीचं सोपं गेलं. तेल लावलेली तूर उन्हात किती ठेवायची आणि ढग आले की कधी ओढायची, हे वाळवणावरच्या मावशींना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आता ताडपत्री कधी टाकायची ते त्याच सांगतात, मलासुद्धा.

उधारी वसुली अजून माझ्याकडेच आहे. मुकादम घ्यायला तयार आहे. अट एकच घालतो: "पाहुण्यांची खाती वेगळी काढायची नाहीत, मालक." माझ्या मेव्हण्याचं किराणा दुकान आहे, म्हणून जरा विचार करतोय.