आईची पतसंस्था आणि पॅरिसचे टेम्पलर

आई गेल्या महिन्यात पहिल्यांदाच पॅरिसला आली. आयफेल टॉवर तिला अर्ध्या तासात पुरला. रमली ती आमच्या तिसऱ्या वॉर्डातल्या नगरपालिकेसमोर, रस्त्यावर काढलेल्या निळ्या रेघांपाशी.

"हे काय, पार्किंगचं का?"

नाही. इथे टेम्पलरांचा बुरूज होता, त्याची ही आखणी. बुरूज १८०८ साली पाडायला घेतला. सोळाव्या लुईला क्रांतीनंतर तिथेच डांबला होता, आणि त्या जागेचं तीर्थक्षेत्र होणं नेपोलियनला परवडणारं नव्हतं. आता उरल्यात या रेघा, बदकांचं तळं असलेली एक बाग आणि 'ताम्प्ल' नावाचं मेट्रो स्टेशन.

टेम्पलर म्हणजे तलवार हाती घेतलेले गोसावी म्हणा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंना राखायला उभे राहिले. पण आईचे कान टवकारले ते पुढच्या गोष्टीला: यात्रेकरू इकडे पैसे भरायचा, चिठ्ठी घ्यायचा आणि तिकडे पैसे उचलायचा.

"म्हणजे हुंडीच की!"

आईने एकतीस वर्षं पतसंस्थेत कॅशियरकी केली. मी सांगितलं, फ्रान्सच्या राजाचा खजिनाही वर्षानुवर्षं याच बुरुजात असे, आणि लढायांसाठी राजा यांच्याकडून उचलही घेई. यावर ती एवढंच म्हणाली, "मोठा कर्जदार फार वाईट. त्याच्याकडे वसुलीला कोण जाणार?"

हा कर्जदार म्हणजे चौथा फिलिप, टोपणनाव 'देखणा'. १३०६ साली त्याने ज्यूंना देशाबाहेर काढून त्यांची मालमत्ता घशात घातली. त्याच वर्षी नाण्यांचे असे घोळ घातले की पॅरिसची घरभाडी एकदम तिप्पट झाली. लोक खवळून रस्त्यावर उतरले, तेव्हा महाराज लपले कुठे? याच बुरुजात. ज्यांच्या घरात आसरा घेतला, त्यांच्याच घरावर पुढच्या वर्षी गाढवाचा नांगर.

तयारी चोख होती. १४ सप्टेंबर १३०७ ला मोहोरबंद हुकूम निघाले, आणि महिनाभर कोणाला पत्ता लागला नाही. १२ ऑक्टोबरला टेम्पलरांचा प्रमुख जाक द मोले राजाच्या भावजयीच्या अंत्यविधीला मानाने हजर होता. १३ तारखेला पहाटे त्याच्यासकट देशभरातले टेम्पलर उचलले. आरोप: क्रूसावर थुंकतात, मूर्ती पुजतात, आपसात अनैतिक व्यवहार करतात. मग छळ सुरू झाला. पॅरिसमध्ये जबाब घेतलेल्या १३८ पैकी १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं.

खरी मेख पुढे आहे. कबूल केलंस तर पश्चात्ताप करून कोठडीत जगशील. 'मारलं म्हणून कबूल केलं' असं नंतर म्हणालास, तर तू पाखंडात परत गेलेला, आणि त्याला शिक्षा एकच: जाळणं. १३१० मध्ये शेकडो जण संघाच्या बचावासाठी पुढे आले. तेव्हा सांसच्या आर्चबिशपने, म्हणजे राजाच्या मुख्य मंत्र्याच्या भावाने, १२ मे रोजी ५४ जणांना पॅरिसच्या वेशीबाहेर जाळलं. उरलेल्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

पोप पाचवा क्लेमेंट? १३०८ मध्ये त्याच्या कार्डिनलांनी शिनोंच्या किल्ल्यात मोले आणि इतर पुढाऱ्यांना पापमुक्तीही दिली होती. तो कागद व्हॅटिकनच्या दप्तरात २००१ साली हाती लागला. पण राजापुढे उभं राहायची छाती त्याला झाली नाही. १३१२ मध्ये त्याने संघ बरखास्त केला, तोही गुन्हा शाबीत न धरता.

आईला मग पाँ नफच्या पुलापाशी नेलं. तिथून जिना उतरला की नदीतल्या बेटाच्या टोकाशी बाग आहे. तेव्हाचं बेट त्याच पातळीला होतं, म्हणून इतकं खाली. गुडघे धरत उतरली बिचारी. मोलेला इथे १८ मार्च १३१४ ला जाळलं, असं पुलाच्या भिंतीवरची पाटी सांगते. जन्मठेप ऐकवल्यावर त्याने आणि जॉफ्रुआ द शार्ने या दुसऱ्या टेम्पलर पुढाऱ्याने कबुली मागे घेतली, आणि त्याच संध्याकाळी चिता पेटली. सात वर्षं दबलेला म्हातारा शेवटच्या दिवशी का उठला, हे मला अजून नीट उलगडत नाही. ज्वाळांतून त्याने दिलेल्या शापाची गोष्ट इथे चवीने सांगतात. पोप एप्रिलमध्ये गेला आणि राजा नोव्हेंबरमध्ये, एवढं मात्र खरं.

आईचं लक्ष शापाकडे नव्हतंच. "आणि ठेवी? त्या कोणाला मिळाल्या?"

पोपच्या हुकमाने मालमत्ता हॉस्पिटलर नावाच्या दुसऱ्या संघाला गेली. पण फ्रान्सच्या राजाने आधी आपला हिशेब लावला: टेम्पलरांकडून मलाच येणं आहे! हॉस्पिटलरांना दोन लाख लीव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजावे लागले.

आई पायरीवर टेकली. "म्हणजे कर्जदारच धनको झाला," ती म्हणाली. "लेखापरीक्षक कोण होता रे?"