सरांचं सर्टिफिकेट

विट्यातल्या माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात देवाच्या फोटोशेजारी एक फ्रेम टांगलीय. काच तडकलेली, कागद पिवळा पडलेला. कोहिनूर टेक्निकल इन्स्टिट्यूट, दादर. इलेक्ट्रिशियनचा कोर्स, १९८४.

माझे चुलते, अप्पा, लालबागला गिरणीत होते. ८२ च्या संपानं त्यांचं कंबरडं मोडलं. मी गिरणीच्या आशेनं मुंबई गाठली, तर अप्पा म्हणाले, "हितं आता काय न्हाय. हातात कायतरी कसब घे आन् गावाकडं जा." फी त्यांनीच उसनवारीनं भरली.

मनोहर जोशींनी ही संस्था १९६१ मध्ये काढली. मी त्यांना तिथं एकदाही पाहिलं नाही, पण सगळे 'सर' म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. रायगडातल्या नांदवीचे, माधुकरी मागून शिकलेले. १९७६-७७ ला मुंबईचे महापौर झाले, हे अप्पा फार कौतुकानं सांगायचे. महापौराला मान मोठा, पण महापालिकेचा कारभार आयुक्ताच्या हाती, हे मला पुढं कळलं. अप्पांना ते सांगून उपयोग नव्हता.

१९९५ ला युतीचं सरकार आलं ते अपक्षांच्या टेकूवर. शिवसेना ७३, भाजप ६५, अपक्ष तब्बल ४५! सर मुख्यमंत्री झाले, रिमोट कंट्रोल बाळासाहेबांकडं. बाजारात एक रुपयात झुणका भाकर मिळायला लागली. मी खाल्लीय. भाकर बरी असायची, झुणका कधी कधी नुसताच पिवळा.

आमच्याकडं मात्र बोलणं एकच, कृष्णेचं पाणी. बच्छावत लवादानं राज्याराज्यांत वाटून दिलेलं, आपल्या वाट्याचं पाणी मे २००० पर्यंत अडवायचं होतं, नाहीतर हक्काचं भांडण पुन्हा उभं राहणार. म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं, कर्जरोखे विकून पैसा उभा केला. टेंभू योजनेला मंजुरीही त्याच साली. कराडजवळ नदी अडवायची आणि पंपानं टप्प्याटप्प्यानं पाणी वर उचलून आमच्या खानापूर, आटपाडीच्या माळावर आणायचं. "नदी कधी डोंगर चढती का?" असं म्हणून लोक हसायचे. मीही हसलो होतो, आणि मी तर मोटरीवाला!

पाणी आलं तोवर सरांचं सरकार जाऊन कैक वर्षं झाली होती. पुण्यातल्या शाळेसाठी राखीव भूखंडाचं प्रकरण गाजलं, त्यात जावयाचं नाव आलं आणि जानेवारी १९९९ ला त्यांची खुर्ची गेली. ते मला लागलं होतं, खोटं कशाला सांगू. त्याच वर्षी ते लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात अवजड उद्योगमंत्री झाले. आधीचे अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर मे २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष. टीव्हीवर त्यांना त्या उंच खुर्चीत बघून मी बायकोला म्हटलं, "आमचे सर." ती म्हणाली, "तुम्हाला ओळखतात का?" २००४ ला एकनाथ गायकवाडांनी त्यांना हरवलं. नंतर राज्यसभा. विधान परिषद, विधानसभा, लोकसभा, राज्यसभा, चारही सभागृहं बघून झाली.

टेंभूचं पाणी आलं तशी माळावर ऊस, डाळिंब, द्राक्ष वाढली. घरटी मोटर आली, आणि मोटर आली की ती जळणारच. पूर्वी महिन्याला चार मोटरी भरायचो, आता पोराला हाताशी घेऊनही उरक होत नाही.

२३ फेब्रुवारी २०२४ ला सर गेले. मी पाच एचपीच्या मोटरीत कॉइल बसवत होतो. गिऱ्हाईक म्हणून आलेला पोरगा मोबाईल बघत म्हणाला, "मिस्त्री, हे कोण ओ मनोहर जोशी?"

महापौर सांगावं की मुख्यमंत्री, का लोकसभा? मी फ्रेमकडं बोट केलं. त्यानं मान वर करून वाचलं, मग म्हणाला, "बरं, मोटर सांजच्याला मिळंल न्हवं? पाणी सुटलंय."

वार्निश वाळायला रात्र लागते, म्हटलं. सकाळी ये.