टाकी भरल्याचा मेसेज आणि फायबरवाल्यांचा नवा डबा

मार्चच्या शेवटी आमच्याकडचं नेट बदललं. नागपुरात आमच्या मानेवाड्याकडे आता गल्लीगल्लीत फायबर आलंय, आमच्या एरियातल्या केबलवाल्या दादांनीच वायर ओढून दिली, अर्ध्या दिवसात सगळं सुरू, १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि स्पीड खरंच तेवढा मिळतो. भानगड दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली, बाबा गच्चीवरून ओरडले की टाकी वाहून राहिली, मले मेसेज काऊन नाही आला.

मेसेजचं असं आहे की आमच्याकडे नळ सकाळी येतो, पाणी खालच्या टाक्यात पडतं आणि तिथून मोटरने गच्चीवर चढवायचं. उन्हाळ्यात दोन कूलर सुरू झाले की हिशोबच बदलतो, मे महिन्यात ४५ डिग्रीत वाळ्याच्या ताट्या पाणी नुसतं पिऊन टाकतात, त्यामुळे मोटर दिवसातून दोनदा लावावी लागते आणि बाबांना दर दहा मिनिटांनी जिना चढून टाकी बघावी लागायची. गुडघे दुखतात त्यांचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी टाकीच्या झाकणाखाली एक अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला, त्याला ईएसपी८२६६ चा छोटा बोर्ड जोडला, तो वायफायवरून पाण्याची पातळी सांगतो आणि टाकी ९० टक्के झाली की बाबांच्या फोनवर टेलिग्रामचा मेसेज जातो. बस एवढंच.

आता ती पातळी ऐकून घ्यायला चोवीस तास चालू असलेलं काहीतरी घरात पाहिजे ना. लॅपटॉप चालू ठेवणार नाही कोणी. पण राउटर तर चालूच असतो. आमचा जुना राउटर म्हणजे टीपी-लिंकचा आर्चर सी७, त्यात मी ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर टाकलेलं, त्यावर मॉस्किटो नावाचा एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे सेन्सरचे निरोप घेऊन पुढे पोचवणारा प्रोग्राम, दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट, आणि सोबत जाहिराती अडवणारं एक पॅकेज कारण आईच्या फोनवर रेसिपी कमी आणि जाहिराती जास्त दिसायच्या. हे सगळं १२८ एमबी रॅम आणि १६ एमबी फ्लॅशमधे आरामात चालायचं. आकडा मुद्दाम सांगतोय, पुढे कामी येईल.

नवीन कनेक्शनवाल्या पोराने जुना राउटर काढून टेबलाखाली ठेवला आणि त्याच्या जागी कंपनीचा पांढरा डबा लावला, म्हणजे ओएनटी (फायबरमधून येणारा प्रकाश नेटच्या सिग्नलमधे बदलणारं यंत्र) आणि वायफाय दोन्ही एकातच. मी त्याला फोन करून विचारलं की भाऊ, याच्यात माझा एक छोटा प्रोग्राम टाकता येईल का. तो म्हणे, "नाही भाऊ, त्यात काही टाकता नाही येत, ते वरून कंट्रोल होते." वरून म्हणजे? "वरून म्हणजे सर्वरवरून. मी पण फक्त वायफायचं नाव न् पासवर्ड बदलवू शकतो." पोरगा प्रामाणिक होता, त्याला जेवढं माहीत तेवढं त्याने सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्या एका शब्दात त्याने सगळा विषय सांगून टाकला. वरून.

त्या रात्री डब्याचं स्टेटस पेज उघडून बघितलं. त्यात मेमरीचा वापर दिसतो, ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून जास्त मेमरी नुसती पडून आहे. लायसन्सच्या पानावर खाली लिनक्सचं नाव होतं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालते तीच खुली ऑपरेटिंग सिस्टीम. म्हणजे हॉलमधे टीव्हीच्या बाजूला एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर बसलाय, वीज आमच्या मीटरची खातो, आणि त्यावर बाबांच्या टाकीचा दहा ओळींचा प्रोग्राम चालत नाही कारण तो चालवू द्यायचा की नाही हे आम्ही ठरवत नाही. तेव्हापासनं महिनाभर मी यावर मिळेल ते वाचून राहिलो आणि आता लिहायला बसलोय.

पहिली गोष्ट म्हणजे ही कल्पना अजिबात नवीन नाही. १९९९ मधे ओएसजीआय नावाची संघटना निघाली, नावातच ओपन सर्व्हिसेस गेटवे होतं, कल्पना हीच की घराच्या गेटवेवर वेगवेगळ्या कंपन्यांचे छोटे प्रोग्राम दूरूनच टाकता यावे, काढता यावे, एकमेकांच्या पायात येऊ नये. ते सगळं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर होतं आणि त्या काळच्या डब्यांमधे जावाला पुरेल एवढी जागाच कुठे होती. ते तंत्र पुढे एक्लिप्स नावाच्या, प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमधे गेलं, ओपनहॅबसारखी घरातल्या ऑटोमेशनची सॉफ्टवेअर आजही त्यावर चालतात, पण राउटरवर काही ते रुजलं नाही.

राउटरवर रुजलं ते वेगळ्याच रस्त्याने. लिंक्सिसचा तो निळा-काळा राउटर डब्ल्यूआरटी५४जी २००२ च्या शेवटी बाजारात आला, लोकांच्या लक्षात आलं की आत लिनक्स आहे, आणि लिनक्सचं लायसन्स जीपीएल म्हणजे त्याचा सोर्स कोड लोकांना द्यावाच लागतो. २००३ मधे तो कोड बाहेर आला आणि २००४ मधे त्यातून ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. आज माझ्या टेबलावरचा आर्चर ज्याच्यामुळे जिवंत आहे ते हेच. कोणी मेहरबानी केली म्हणून नाही, लायसन्समधे हक्क लिहिलेला होता म्हणून.

आता ते "वरून" काय असतं ते बघू. ब्रॉडबँड फोरम नावाची संस्था आहे, ती इंटरनेट कंपन्यांसाठी स्टँडर्ड काढते. २००४ मधे त्यांनी टीआर-०६९ काढलं. त्यात कंपनीकडे एक सर्वर असतो आणि लाखो घरातले डबे त्याला रिपोर्ट करतात, फर्मवेअर म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर तोच बदलतो, सेटिंग तोच बदलतो. एका डब्याला मालक सर्वर एकच. तुम्ही फोन केल्यावर कस्टमर केअरवाली ताई तुमच्या घरी न येता तुमचा वायफाय चॅनल बदलते ना, ते बहुतेक याच रस्त्याने. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही मी.

पण २०१८ मधे त्याचा पुढचा अवतार आला, टीआर-३६९, त्याला यूएसपी म्हणतात, आणि हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की अरे आपलं काम होऊ शकते. त्यात डब्याच्या आत एक एजंट असतो आणि त्याला हुकूम देणारा कंट्रोलर बाहेर असतो, पण कंट्रोलर एकापेक्षा जास्त असू शकतात! कंपनीचा एक, तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपचा दुसरा, आणखी कोणाचा तिसरा, आणि प्रत्येकाला काय बघता येईल, काय बदलता येईल हे रोल आणि परमिशनने ठरतं. शिवाय बाहेरचे प्रोग्राम टाकायची सोय यात आहे, डेटा मॉडेलमधे, म्हणजे डब्यातल्या गोष्टींच्या ठरलेल्या यादीत, सॉफ्टवेअर मॉड्यूल्स म्हणून वेगळा भागच आहे, त्यात इन्स्टॉल करायचा हुकूम आहे, अपडेट आहे, काढून टाकायचा आहे, आणि एखाद्या प्रोग्रामच्या खोलीला किती मेमरी आणि किती डिस्क दिली हे सुद्धा तिथेच लिहिलेलं.

खोली म्हणजे कंटेनर. लिनक्समधे नेमस्पेस आणि सीग्रुप अशा दोन सोयी आहेत, एकीने प्रोग्रामला आपल्या खोलीबाहेरचं दिसत नाही आणि दुसरीने त्याला ठरवून दिल्यापेक्षा जास्त मेमरी किंवा प्रोसेसर खाता येत नाही. म्हणजे माझी टाकीची स्क्रिप्ट बिघडली तरी ती स्वतः मरेल, शेजारच्या खोलीतलं नेट चालूच राहील. प्रपल फाउंडेशन म्हणून एक संस्था आहे, ते ओपनडब्ल्यूआरटीच्याच पायावर प्रपलओएस बनवतात आणि त्यात हे कंटेनर चढवणं-उतरवणं सगळं बसवलंय. दुसरीकडे आरडीके-बी हे तसलंच राउटरचं सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या बाजूचं. दोघांचं घराणं वेगळं पण कंटेनर आणि यूएसपीच्या बाबतीत दोघं एकाच दिशेला चाललेत, म्हणजे एकदा बनवलेलं अ‍ॅप वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांवर चालावं. प्रोसेसर वेगळा असला, एआरएम किंवा मिप्स, तर त्याच्यासाठी इमेज म्हणजे अ‍ॅपची तयार फाइल वेगळी बनवावी लागते, पण ते काम बनवणाऱ्याने एकदा करायचं, पुन्हापुन्हा कंपनीच्या दारात जायचं नाही.

आणि नुसता कंटेनर असूनही भागत नाही, हे मला उशिरा कळलं. बंद खोलीतल्या प्रोग्रामला घरात कोणते फोन जोडलेत, वायफायचा सिग्नल कसा आहे हे कसं कळणार? त्यासाठी टीआर-१८१ नावाची एक भलीमोठी यादी आहे, प्रत्येक गोष्टीला ठरलेलं नाव, आणि आतला प्रोग्राम डब्याच्या आतल्या आत यूएसपीने विचारू शकतो की मला ज्याची परवानगी आहे तेवढं सांग. मला स्वतःला ही रचना आवडली. घरच्या माणसाने प्रत्येक अ‍ॅपला किती आत येऊ द्यायचं ते एकेक करून ठरवावं, इतकी बारीक सोय त्यात आहे.

मग अडलं कुठे? स्टँडर्डमधे जागा आहे पण त्या जागेवर कोणाला बसवायचं हे डबा देणारा ठरवतो. कंट्रोलर कितीही असू शकतात, पण कोणत्या कंट्रोलरला कोणता रोल हे सुरुवातीला लिहून देणारी कंपनीच आहे. या विषयावरचं जे काही वाचतो त्यात ऑपरेटरला नवीन सर्व्हिस विकता येईल, अ‍ॅप बनवणाऱ्यांना बाजार मिळेल, पॅरेंटल कंट्रोल, सिक्युरिटी, गेमिंग असं सगळं असतं, आणि घरातला माणूस येतो तो ग्राहक म्हणून, महिन्याला जास्तीचे पैसे देणारा. माझे बाबा त्यात कुठेच नाहीत. मला ऑपरेटरचं दुकान नको असं नाही म्हणायचं, असू दे दुकान, पण त्या दुकानाबाहेरचं एक अ‍ॅप तरी मला स्वतःच्या जबाबदारीवर टाकता आलं पाहिजे, ६४ एमबीची, म्हणजे माझ्या जुन्या राउटरच्या रॅमच्या निम्मी, एक खोली घरमालकाच्या नावाने राखून ठेवा, कंपनीच्या कामाला हात लागणार नाही असा मर्यादित रोल द्या आणि फर्मवेअर अपडेट आलं की ती खोली पुसू नका. एवढंच आहे मागणं.

यावर सिक्युरिटीचं उत्तर येतं, लोकांनी काहीबाही टाकलं तर नेटवर्क धोक्यात येईल. काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण २०१६ बघा. त्या वर्षी १ ऑगस्टपासून जर्मनीत कायदा लागू झाला की ग्राहक स्वतःचा राउटर लावू शकतो, कंपनी जबरदस्ती करू शकत नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे तिथल्या डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं, मिराई जातीच्या, म्हणजे राउटर-कॅमेऱ्यांसारख्या डब्यांना लागण करणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्यात. तो हल्ला कोणा ग्राहकाने टाकलेल्या अ‍ॅपमधून नव्हता, तो होता ७५४७ पोर्टवर, म्हणजे त्याच टीआर-०६९ च्या देखभालीसाठी ठेवलेल्या दारावर. दार वरच्यांसाठी होतं, आणि धक्का तिथूनच बसला. त्याच वर्षी अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, टीपी-लिंकला वायफायच्या पॉवरच्या नियमावरून २ लाख डॉलर दंड केला, पण सोबत कबूल करून घेतलं की बाहेरचं फर्मवेअर चालेल यासाठी कंपनीने काम करावं. म्हणजे रेडिओचे नियमही पाळायचे आणि डबाही उघडा ठेवायचा, हे दोन्ही एकत्र मागता येतं, कोणीतरी मागितलंय.

आमच्याकडे अडचण आणखी एक आहे, फायबरचा ओएनटी कंपनीच्या यंत्राला आपल्या सीरियल नंबरने ओळख देतो, त्यामुळे बाजारातून कोणताही डबा आणून लावला असं होत नाही. २०२४ च्या शेवटी ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी स्वतःचा राउटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन, १ जीबी रॅम, चुकीचं फर्मवेअर टाकलं तरी परत उठवता येतो असा, फार सुंदर काम केलंय, पण तो सुद्धा ओएनटीच्या मागेच लावावा लागणार.

सध्या आमचं असं चालू आहे. तिसऱ्या फोननंतर कंपनीने डबा ब्रिज मोडवर टाकून दिला, म्हणजे तो आता फक्त फायबरचं काम करतो, राउटरचं नाही, आणि पीपीपीओई म्हणजे कंपनीकडचं लॉगिन आता जुना आर्चर करतो, मॉस्किटो परत सुरू, सेन्सरला जुनंच वायफाय मिळालं. मात्र एका डब्याऐवजी दोन डबे, दोन अ‍ॅडॉप्टर, आणि लाईट गेल्यावर मिनी यूपीएस आधी दोन-अडीच तास ओढायचा तो आता तासाभरात बसतो. कंपनीला मी मेलही केलाय, तुमचा डबा यूएसपी बोलतो का, बोलत असेल तर घरमालकासाठी रोल आहे का, एवढे दोनच प्रश्न. उत्तर आलं की आपले वायफायचे नाव व पासवर्ड आपण अ‍ॅपमधून बदलू शकता. पुन्हा पाठवलाय, यावेळी मराठीत आणि जरा सविस्तर, टाकीच्या फोटोसकट.

नागपुरात कोणाच्या फायबरच्या डब्यात सॉफ्टवेअर मॉड्यूल्स किंवा अ‍ॅप्स नावाचं पान दिसत असेल तर मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, मॉडेल नंबरसकट, सीरियल नंबर झाकून. मी यादी करून राहिलोय. आज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी बाबांच्या फोनवर ९० टक्क्यांचा मेसेज आला आणि त्यांनी खालूनच मोटर बंद केली.