संघाचं गाव

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरच्या पेटीतनं एक नारिंगी जर्सी निघाली. एफसी पुणे सिटीची. काखेत शिवण उसवलेली, छातीवरची छापील अक्षरं तडकलेली. आईनं ती पुसायच्या फडक्यांत टाकली होती. मी काढून घेतली, धुतली आणि गच्चीवर वाळत घातली. त्याच आठवड्यात दादाचा चाकणवरनं फोन आला. "अगं, हैदराबादपण गेलं की. दिल्लीला."

आमच्या घरात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते. 2014 ला इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एक संघ मिळाला, एफसी पुणे सिटी. बालेवाडीला खेळायचा. 2019 ला तो बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी 2022 ला चॅम्पियन झाली. पुढं दोनच हंगामांत पैशाची अशी ओढाताण झाली की पगार थकले आणि खेळाडू एकेक करून निघून गेले. 2025 ला तो संघही दिल्लीला नेला, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. अकरा वर्षांत एकाच जागेला तीन गावं झाली. आणि दिल्लीचा जो आधीचा संघ होता, दिल्ली डायनामोज, तो 2019 लाच भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झालेला.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. आमच्याकडं गुऱ्हाळं पेटली की पाठोपाठ फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि मग मे संपेपर्यंत दुकानात गुळाच्या भावाइतकीच चर्चा शाहू स्टेडियमची. मी सहा वर्षांची असल्यापासून आबांबरोबर स्टेडियमवर जाते. तेव्हा बायकामुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या. आबा स्वतः आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेले, दादा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूनं बचाव करणारा. मी खेळले नाही, पण मॅच कळते. आणि गेल्या काही वर्षांत मला ज्या गोष्टीचा राग येतो ती एकच आहे: संघ चालवणाऱ्यांना वाटतं की गाव आणि मैदान या बदलायच्या वस्तू आहेत.

नारिंगी जर्सी दादानं घेतली ती 2018 मध्ये. 7 मार्चला बालेवाडीत बंगळूरूविरुद्ध सेमीफायनलची पहिली मॅच होती. मी दुकानात अर्धी रजा टाकून एसटीनं गेले, दादा चाकणवरनं थेट आला. पुणे पहिल्यांदाच इथवर पोचलं होतं. मार्सेलिन्हो, अल्फारो, आणि आपल्या मैदानावर सेमीफायनल! गोल काही झाला नाही, 0-0. परतीची मॅच बंगळूरूला झाली, त्यांच्या सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन मारले आणि आपण 3-1 नं हरलो. मी घरी रडले. पण त्यात तक्रारीला जागा नव्हती. एक मॅच आमच्या घरी, एक त्यांच्या घरी. त्यांनी त्यांच्या घरी आम्हाला हरवलं. असं हरणं पचतं.

दीड वर्षात संघच गेला. कोल्हापूरहून अडीचशे किलोमीटरवर का असेना, मराठी मुलखात मुंबईखेरीज एक मोठा संघ होता, ज्याच्या मॅचला सकाळी निघून रात्री उशिरा परत येता येत होतं. तो एका कागदावर संपला. ज्यांनी जर्सी विकत घेतल्या त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

आता हैदराबादचं सांगते, कारण तिथं माझा जीव दुसऱ्यांदा अडकला. त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचं पोरगं भारताकडून उतरलं तेव्हा अख्ख्या शहरात फ्लेक्स लागले होते, आणि ते पोरगं जिथं जाईल तो संघ आमचा. तर 2021-22 चा अख्खा हंगाम कोरोनामुळं गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, या तीन ठिकाणी सगळ्या मॅचेस, स्टँड रिकामे. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, ते मी मानते. पण विचार करा, ज्या वर्षी हैदराबाद चॅम्पियन झालं त्या वर्षी त्यांनी हैदराबादेत एकही मॅच खेळली नाही. तिथल्या माणसांनी आपला विजेता संघ टीव्हीवरच बघितला. तीन वर्षांनी तोही नेला.

फायनलला प्रेक्षक सोडले. 20 मार्च 2022, रविवार, फातोर्डा. समोर केरळा ब्लास्टर्स. दादानं गाडी काढली, आबा म्हणाले मी येतो. आबांनी तोवर कोल्हापूरच्या बाहेर एकही मॅच मैदानात बसून बघितली नव्हती. आजरा-आंबोली मार्गे गेलो. घाटात गाडी थांबवून आबांनी गुडघे चोळले.

स्टेडियमबाहेर नुसता पिवळा रंग. केरळची माणसं रात्रभर प्रवास करून आलेली, पोरं-बायका-म्हातारे, सगळे पिवळ्या जर्सीत. आणि मैदानात संघ उतरले तर पिवळ्यात कोण? हैदराबाद! कागदोपत्री 'यजमान' हैदराबाद ठरलेलं, म्हणून रंग त्यांचा. केरळचा संघ काळ्या जर्सीत. शेकडो किलोमीटर लांबून आलेल्या माणसांना आपल्या अंगावरचा रंग समोरच्या संघाच्या अंगावर बघावा लागला. माझ्या शेजारी चाळिशीचा एक माणूस बसला होता, तो जर्सीची बाही चिमटीत धरून बराच वेळ मैदानाकडं बघत राहिला. मी हैदराबादच्या बाजूची, तरी मला ते बघवलं नाही. तटस्थ मैदानावर यजमान फक्त कागदावर असतो, घर मात्र कुणाचंच नसतं.

त्या माणसानं मध्यंतरात तुटक्या हिंदीत विचारलं, कुठून आलात. कोल्हापूर म्हटल्यावर लगेच म्हणाला, "अनिकेत जाधव!" आबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

मॅच तुम्हाला आठवत असेल. राहुलनं केरळकडून मारला, 88 व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल तवोरानं लांबून व्हॉली लावली आणि 1-1. पेनल्टीत हैदराबादचा गोलकीपर कट्टीमणीनं तीन अडवल्या. तो गोव्याचा, त्याच्यापुरतं तेवढं मैदान घरचं होतं. हैदराबाद जिंकलं. मी नाचले आणि बाजूला बघितलं तर तो माणूस आपल्या मुलाच्या डोक्यावरनं हात फिरवत होता. नंतर कळलं, त्याच फायनलला दुचाकीवरनं निघालेले केरळचे दोन तरुण कासरगोड जिल्ह्यात अपघातात गेले. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. आबा एकदाच म्हणाले, "घरच्या मैदानाला पोरगं सायकलवरनं जातंय गं."

पुढच्या वर्षी मोहन बागान-बंगळूरू फायनलही फातोर्ड्यालाच. 2024 ला मात्र फायनल कोलकात्यात मोहन बागानच्या घरी झाली आणि मुंबईनं तिथं जाऊन 3-1 नं जिंकली. 2018 लाही तेच, बंगळूरूच्या मैदानावर चेन्नईनं 3-2 नं कप उचलला. म्हणून घरच्या मैदानावर फायनल म्हणजे अन्याय, हे मला पटत नाही. वर्षभर खेळून जो संघ तक्त्यात वर राहिला त्यानं ते मैदान कमावलेलं असतं. पाहुण्यांना स्टँडचा ठरलेला वाटा द्या, त्यांची तिकिटं त्यांच्याच गावात विका. आणि तटस्थ मैदान घ्यायचंच असेल तर किमान दोन महिने आधी सांगा, म्हणजे रेल्वेचं आरक्षण तरी मिळेल. आठवड्याभरात शेकडो किलोमीटरची व्यवस्था नोकरदार माणूस कसा करणार?

कोल्हापूरकर म्हणून मला तटस्थ मैदानाबद्दल बोलायचा हक्क आहे, कारण आमच्याकडं प्रत्येक मॅच तटस्थ मैदानावरच होते. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पाटाकडील असो, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस, फुलेवाडी, कुणाचंच स्वतःचं स्टेडियम नाही. सगळे शाहू स्टेडियमवर. होम नाही, अवे नाही. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग तिथंच, नंतरच्या स्पर्धाही तिथंच. तरी तिथं कुणाला परकं वाटत नाही, कारण शिवाजी पेठेतनं आणि मंगळवार पेठेतनं माणूस चालत येतो. दुपारी चारच्या मॅचला तीनपासून पायऱ्या भरतात. पायरी उन्हानं तापलेली असते म्हणून आबा घरनं पोत्याचा तुकडा घडी करून आणतात, तो तुकडा माझ्या लहानपणापासून तोच आहे, कडा दोऱ्यानं शिवलेल्या. भडंगाची पुडी, समोर दुसऱ्या पेठेचा गठ्ठा, मधे मैदान. मैदान दोघांचं सारखंच, आणि दोघांनाही सारखंच जवळ. तटस्थ असावं तर असं.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. हुल्लडबाजी आमच्याकडंही झाली, मॅचेस थांबल्या, स्पर्धा बंद राहिल्या. 2018 ला अर्जेंटिनात रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्सच्या फायनलला बोकाच्या बसवर दगड पडले आणि ती मॅच उचलून थेट माद्रिदला नेली. दादा आणि मी रात्री एकला उठून ती बघितली. रिव्हर 3-1 नं जिंकलं, पण त्यांच्या गावची माणसं दहा हजार किलोमीटर लांब होती. आमच्या तालमीतल्या पोरांना मी ते उदाहरण दर हंगामाला सांगते. दगड एक जण मारतो, मॅच सगळ्यांची जाते.

आणि संघ चालवण्याबद्दल. आमच्या तालमीनं एका वर्षी बाहेरचे तीन खेळाडू आणले आणि गल्लीतली पोरं बेंचवर बसवली. सलग पाच मॅचेस. मग बैठक लागली. कुस्तीच्या हौद्याशेजारी सतरंजी अंथरलेली, मारुतीच्या फोटोला ताजा हार, दाराबाहेर चपलांचा ढीग. मी दारातच उभी होते. आबा उठले आणि सेक्रेटरींना म्हणाले, "बाहेरनं तिघं आणलासा, चालतंय. पर आपल्या पोरांस्नी बसवून कुजवायचं काय? वर्गणी त्यांच्या आयांनी दिलीया." सेक्रेटरी म्हणाले, "आबा, ज्यांनी पैसा घातलाय त्यांना कप पायजे. मी तरी काय करू?" दोन तास चाललं. आवाज चढले, एक जण निघून गेला, त्याला परत बोलावून आणलं, चहा झाला. पुढच्या मॅचला गल्लीतली दोन पोरं पहिल्या अकरात होती. आम्ही हरलो ती मॅच. सेक्रेटरींना त्याबद्दल कुणी टोचून बोललं नाही.

ती बैठक मला लई मोलाची वाटते. चूक करणारा माणूस समोर सतरंजीवर बसलेला होता आणि उद्या सकाळी दुधाला जाताना तो पुन्हा भेटणार होता. पुणे सिटीच्या बाबतीत मी कुठल्या सतरंजीवर जाऊन विचारायचं होतं? हैदराबादच्या पोरांनी कुणाला गाठायचं? जर्मनीत नियम आहे, थोडे अपवाद सोडले तर क्लबमधली मतं पन्नास टक्क्यांहून जास्त सभासदांच्याच हातात राहतात, पैसा कुणीही घालो. इंग्लंडात विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी 2002 ला स्वतःचा नवा क्लब काढला आणि खूप खालच्या पायरीपासून वर आणला. आपल्याकडं एवढं मोठं काही लगेच होणार नाही, मला कळतं. पण संघाचं गाव बदलायचं असेल तर हंगामाचं तिकीट काढणाऱ्यांचं मत घ्यायलाच पाहिजे, ही एक अट लीगच्या नियमात घालायला काय अडचण आहे? 2025-26 चा हंगाम तर ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, करारावरनं सगळं अडलं. खेळाडू घरी बसले, आणि त्या सगळ्या वाटाघाटीत प्रेक्षक हा शब्द मी शोधत होते.

दादाला मी म्हटलं, आता दिल्लीला धरायचं का? तो म्हणाला, "मला न्हाई जमायचं. दोनदा झालं." मलाही नाही जमायचं. अनिकेत खेळेल तिथली मॅच मी टीव्हीवर बघेन, ते वेगळं.

जर्सीची काख मी काल रात्री शिवली. नारिंगी दोरा मिळाला नाही म्हणून पिवळा घातला. रविवारी आमच्या तालमीची मॅच आहे, दादा येतोय, आबांचा गुडघा बरा असेल तर खालच्या पायरीवर बसू. जर्सी घालूनच जाणार आहे. आईनं विचारलं, त्या मॅचला ही कशाला? आबा आतनं म्हणाले, "घालू दे तिला."