ट्राइक जोडताना आणि चालवायला शिकताना

दोन चाकांची सायकल उभी केली की पडते आणि चालू लागली की सावरते, हे आपल्या अंगात लहानपणीच मुरलेले असते. तीन चाकांच्या वाहनाची रीत उलटी आहे. ते उभे असताना ढकलले तरी सहसा पडत नाही, आणि त्याच्या याच स्थिरपणावर विसंबून कोणी वेगात वळण घेतले तर मात्र ते कलंडू शकते. कानाच्या आतील तोल राखणाऱ्या भागाचे दुखणे मागे लागल्यावर मला दुचाकी सायकल सोडावी लागली आणि मी पाठ टेकून, पाय पुढे लांब करून चालवायची, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली ट्राइक विकत घेतली. ‘यात शिकण्यासारखे काय आहे, बसायचे आणि निघायचे’ असे मला त्या वेळी अनेकांनी सांगितले. माझे मत याच्या अगदी विरुद्ध झाले आहे. ट्राइकला स्वतंत्रपणे शिकावे लागते, आणि ते शिकणे ती खोक्यातून बाहेर काढून जोडण्यापासूनच सुरू होते, कारण जोडणीतील जवळजवळ प्रत्येक माप पुढे रस्त्यावरच्या सुरक्षिततेशी बांधलेले असते.

मी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात राहतो, आणि तीनचाकीचा विषय निघाला की इथे जेम्स स्टार्ली या कारागिराचे नाव टाळता येत नाही. ग्रेफ्रायर्स ग्रीन या बागेत त्याचे १८८४ मध्ये उभारलेले स्मारक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंच पुढच्या चाकाच्या सायकलवर चढणे ज्यांना शक्य किंवा शोभनीय वाटत नव्हते, अशा स्त्रिया आणि वयस्कर माणसे तीनचाकीकडे वळली होती. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८८१ मध्ये स्टार्लीच्या कारखान्यातील दोन तीनचाक्या मागवल्या. स्टार्ली आपल्या मुलाशेजारी बसून एक जोडसायकल चालवत होता, मुलाच्या पायांत जोर अधिक असल्याने ती एका अंगाला ओढली जाऊन रस्त्याबाहेर गेली, आणि त्यावरून त्याला दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलची कल्पना सुचली, असे सांगतात. त्याचे पेटंट १८७७ चे आहे. माझ्या ट्राइकला डिफरन्शियलची गरज पडत नाही, कारण साखळी मागच्या एकुलत्या चाकालाच फिरवते. ज्यांत मागे दोन चाके असतात अशा स्वस्त तीनचाक्यांत मात्र अनेकदा त्या दोहोंपैकी एकाच चाकाला गती दिलेली असते आणि जोर लावताच वाहन किंचित एका बाजूला ओढते. घेणाऱ्याने हे आधी तपासून पाहावे.

चाकांच्या मांडणीचा हा फरक महत्त्वाचा आहे. आपली रिक्षा ही पुढे एक आणि मागे दोन चाकांची. तिन्ही चाके जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडले तर जो त्रिकोण होतो, त्याचे टोक रिक्षात पुढे येते. वळणावर असतानाच ब्रेक दाबला की वजन पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद भागाकडे सरकते आणि कलंडण्याचा धोका वाढतो. पुढे दोन चाके असली की ब्रेक लावताना वजन त्रिकोणाच्या रुंद बाजूकडे जाते. मी हीच मांडणी निवडली त्याचे मुख्य कारण हे होते. बसायला आणि उठायला सोपी मात्र उंच बैठकीची, मागे दोन चाकांची सायकलच असते, हे मान्य केले पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीपासून वीतभर उंचीच्या आसनातून उठायला लावणे म्हणजे रोज एक व्यायाम मागे लावणे आहे.

आता जोडणीविषयी. खोक्यात मुख्य सांगाडा, मागचा भाग, जाळीचे आसन, तीन चाके आणि ‘बूम’ असे सुटे भाग येतात. बूम म्हणजे सांगाड्यातून पुढे बाहेर येणारी, पेडल आणि क्रँक (पेडल ज्याला बसते तो फिरणारा दांडा) धरणारी नळी. ती आत-बाहेर सरकवून आपल्या पायांच्या लांबीप्रमाणे बसवायची असते. आसनात नीट मागे टेकून बसावे, टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत दूर असताना पाय सरळ होतो का ते पाहावे. म्हणजे पुढे चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. बूम फार लांब ठेवली तर माणूस नकळत आसनातून पुढे घसरतो आणि पाय पेडलवरून सुटण्याची शक्यता वाढते, फार आखूड ठेवली तर गुडघे बोलू लागतात. साखळी कापण्याआधी हे माप पक्के करावे लागते, कारण बूम १ सेंटिमीटर सरकली की वरची आणि खालची मिळून साखळीची लांबी २ सेंटिमीटरने बदलते. एका कडीची लांबी १२.७ मिलिमीटर असल्याने थोड्याशा बदलालाही दोन कड्या घालाव्या किंवा काढाव्या लागतात. या वाहनाची साखळी साध्या सायकलीच्या अडीच ते तीन साखळ्यांइतकी लांब असते. ती आसनाखालच्या कप्पीवरून आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांतून जाते, आणि जिथे नळीत शिरते तिथे तिला पीळ पडलेला नाही याची खात्री पहिल्यांदाच करून घेतलेली बरी.

सर्वांत जास्त वेळ मी पुढच्या चाकांना दिला. ही चाके साधारण २० इंची, म्हणजे ४०६ मिलिमीटर रिमची असतात. सायकल वळताना झुकते, त्यामुळे तिच्या आऱ्यांवर आडवा ताण फारसा येत नाही. ट्राइक झुकत नाही, म्हणून तिची चाके लहान आणि भक्कम ठेवावी लागतात. दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, आणि वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त कोनात फिरेल अशी त्या जोडणीची भूमिती असते. घोडागाड्यांच्या काळात, १८१८ मध्ये, लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याने याचे पेटंट घेतले आणि मोटारगाड्यांतही हेच तत्त्व आले. सरळ जाताना मात्र दोन्ही चाके समांतर हवीत, किंवा पुढच्या बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत वळलेली हवीत. यालाच टो-इन म्हणतात. ते चुकले तर चाके रस्त्यावर तिरकी घासत जातात, टायर भराभर झिजतात, आणि चालवणाऱ्याला आपणच अशक्त झालो आहोत असे वाटत राहते.

हे मोजण्याची एक साधी पद्धत आहे. दोन्ही रिमांवर आसाच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूने खूण करावी आणि खुणांमधील अंतर मोजावे. मग ट्राइक हळूच पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला, पुन्हा आसाच्याच उंचीवर येऊ द्याव्यात आणि परत मोजावे. त्याच खुणा वापरल्यामुळे रिममधील वेडेवाकडेपणाचा हिशेब आपोआप बाद होतो. आसनात कोणीतरी बसलेले असताना मोजणे अधिक बरोबर, कारण वजनाने आडवी नळी किंचित वाकते. आमच्याकडे मी बसलो आणि सौभाग्यवतींनी मोजपट्टी धरली; हँडल सरळ धरा, सरळ धरा, असे त्यांनी मला इतक्यांदा बजावले की पुढच्या शिकवणीचा पहिला धडा तिथेच झाला असे म्हणता येईल.

बोल्ट किती आवळायचे हे अंदाजावर सोडू नये. बूम, हँडल, चाकांचे आस आणि आडव्या दांड्याचे सांधे यांसाठी निर्मात्याने न्यूटन-मीटरमध्ये आकडे दिलेले असतात आणि त्यासाठी टॉर्कचा पाना, म्हणजे ठरलेल्या मापापर्यंतच आवळू देणारा पाना, विकत घेणे हा या सगळ्या खर्चातील लहानसा भाग आहे. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते हे सायकल दुरुस्त केलेल्या कोणालाही ठाऊक असते, तरी ते लिहून ठेवतो. डिस्क ब्रेकच्या चकतीला ग्रीसचे किंवा घामाचे बोट लागू देऊ नये.

ब्रेकची रचना दुचाकीपेक्षा वेगळी आहे. बहुतेक ट्राइकमध्ये उजव्या हातातला ब्रेक उजव्या पुढच्या चाकाला आणि डाव्या हातातला डाव्या चाकाला असतो. मागच्या चाकाचा ब्रेक फक्त उभे करून ठेवण्यासाठी. एकच ब्रेक जोरात दाबला तर वाहन त्या बाजूला ओढते. म्हणून दोन्ही केबलींचा ताण असा जुळवावा की दोन्ही चाके एकाच वेळी धरतील, आणि नंतर मोकळ्या जागेत मध्यम वेगावरून अनेकदा घट्ट ब्रेक दाबून नव्या पट्ट्या चकतीला बसू द्याव्यात. ब्रेक पूर्ण बसलेले नसताना कोणताही उतार उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकण्यासाठी मी रविवारची सकाळ निवडली. इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी दहाच्या आधी विक्री सुरू करता येत नाही, त्यामुळे सुपरमार्केटचे विस्तीर्ण वाहनतळ तोवर रिकामे असते. तिथे सर्वप्रथम सवय लावायची ती पायांची. दुचाकीवर तोल जातोसे वाटले की पाय आपोआप जमिनीकडे जातो, आणि दांडीखालून पाय घालून सायकल शिकलेल्या आपल्या पिढीत ही प्रतिक्रिया फार खोल रुजलेली आहे. ट्राइकवर तीच सर्वांत घातक ठरते. चालत्या ट्राइकवरून पाय खाली पडला तर टाच जमिनीला अडते, वाहन पुढे येत राहते आणि पुढची आडवी नळी त्या पायावरून जाते. घोटा किंवा नडगी मोडू शकते. त्यामुळे पायाला पेडलशी बांधून ठेवणारे काहीतरी लागतेच, मग ते क्लिपचे बूट असोत की टाचेमागून येणारे पट्टे. मी पट्टे निवडले. आधी मागचा ब्रेक अडकवायचा, बसायचे, दोन्ही पाय पेडलमध्ये घालायचे आणि मगच ब्रेक सोडायचा. उतरताना हाच क्रम उलटा. थांबल्यावर पाय काढण्याची काहीच गरज नसते, हे शरीराला पटायला वेळ लागतो.

दुसरी सवय हातांची. हँडल मांड्यांच्या दोन्ही बाजूंना असते आणि पाय जोराने दाबताना माणूस हातांनी ते ओढू लागतो. प्रत्येक पेडलबरोबर ट्राइक नागमोडी जाते, ती सरळ करण्यासाठी पकड आणखी घट्ट होते आणि नागमोड आणखी वाढते. जोर घ्यायचा तो पाठीने आसनात, हातांनी नव्हे. हँडल दोन बोटांनी धरून हळू वेगात वाहनतळाच्या पांढऱ्या रेषेवर एक चाक ठेवत जाणे हा मला यावरचा सर्वांत उपयोगी सराव वाटला.

यानंतर वळणे, आणि इथे थोडे गणित करावेच लागते. माझ्या ट्राइकच्या पुढच्या चाकांतील अंतर सुमारे ७५ सेंटिमीटर आहे. माझ्यासह तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ४२ सेंटिमीटरवर आणि पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतच्या अंतराच्या एक-तृतीयांशावर धरला, तर चाकांच्या त्रिकोणाच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर २५ सेंटिमीटर येते. यावरून ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आतले चाक साधारण ताशी २० किलोमीटरला उचलले जाईल. उंच बैठकीच्या, मागे दोन चाकांच्या सायकलीसाठी असाच अंदाज केला तर आकडा ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि हा वेग कोणीही सहज पायडल मारत गाठतो. वळणाची त्रिज्या दुप्पट केली तरी सुरक्षित वेग दुप्पट होत नाही, तो दीडपटीहूनही कमी वाढतो. आसनात आतल्या बाजूला खांदे आणि डोके झुकवले की गुरुत्वमध्य आत सरकतो आणि थोडी सवलत मिळते. पण दुचाकीस्वाराला वळणावर स्वतः मुद्दाम झुकावे लागते ही कल्पनाच नवी असते, कारण तिथे सायकलच त्याला घेऊन झुकते. मी हळूहळू लहान होत जाणारी वर्तुळे घेत, आतले चाक हलके होऊ लागल्याची चाहूल कशी लागते ते ओळखायला शिकलो. चाक उचललेच तर वेग सोडून हँडल थोडे सरळ करायचे. ही चाहूल हेल्मेट घालून, कमी वेगात, रिकाम्या जागी मुद्दाम घ्यावी. रस्त्यावर ती पहिल्यांदा येऊ देऊ नये.

रस्त्यावर आल्यावर प्रश्न बदलतो. तिथे प्रश्न दिसण्याचा आहे. बसलेल्या माणसाची नजर मोटारींच्या बॉनेटच्या आसपासच्या उंचीवर येते, म्हणून मागे उंच काठीवर झेंडा, दिवसाही लागलेले दिवे आणि दोन्ही बाजूंना आरसे मी आवश्यक मानतो. पाठ टेकलेली असताना मान वळवून मागे पाहणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे आरसा इथे शोभेचा नसतो. कमी लोकांच्या लक्षात येणारी गोष्ट अशी की पेडल आणि पाय डोळ्यांच्या मीटरभर पुढे असतात. रांगेत उभ्या मोटारींआडून चौकात डोकावायचे तर आधी आपले पाय वाहतुकीत जातात आणि मग रस्ता दिसतो. अशा ठिकाणी मी सरळ उतरतो आणि ट्राइक ढकलत नेतो.

खड्ड्यांचे गणितही वेगळे आहे, कारण एकाऐवजी तीन माग असतात आणि दोन चाकांमधून खड्डा काढला की तो मागच्या चाकाला मिळतो. कालव्याकाठच्या वाटांवर मोटारसायकली अडवण्यासाठी लावलेली लोखंडी फाटके या रुंदीला अनेकदा पुरत नाहीत, तेव्हा नवा मार्ग ठरवण्याआधी तो पायी पाहून येणे शहाणपणाचे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कच्या पान्याने तपासावेत, ताणलेल्या ब्रेक-केबली आवळाव्यात आणि टो-इन परत मोजावे. माझ्या ट्राइकवर आडव्या दांड्याचा एक नट तेव्हा पाव फेरा फिरला होता.