गेम बंद झाले, मग आता काय लिहितोस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी व्हिडिओ गेमवर लेख लिहितो. चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, परवा केस कापताना, सगळीकडं हाच प्रश्न: "गेम बंद झाले म्हणं, मग आता तू काय लिहितोस?"

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, वेगळं काढून मान्यता दिली. मी लिहितो ते पैसे लावायचे गेम नव्हेत, त्यामुळं माझं काम चालूच आहे. पण आपल्याकडं 'गेम' या एकाच शब्दात जुगार, पोरांचा टाइमपास आणि मी ज्यावर लिहितो ते, सगळं कोंबलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इतक्यात सगळ्यात जास्त दिवस गेले ते 'वेनबा'वरच्या लेखात. २०२३ चा हा छोटासा गेम टोरांटोच्या व्हिसाय गेम्सनं केला. १९८० च्या दशकात कॅनडात राहणारं तमिळ जोडपं, आणि त्यातल्या वेनबाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही. पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. कुठली पायरी गळलीय ते रांधता रांधता आपण ओळखायचं. पहिलाच पदार्थ इडली. मी थाळ्या सरळ एकावर एक रचल्या आणि चुकलो. वरच्या थाळीची भोकं खालच्या इडलीवर यायला हवीत, तरच वाफ फिरते. मी उठलो, घरातलं इडलीपात्र ओट्यावर ठेवलं आणि आईला थाळ्या लावायला सांगितल्या. तिनं दुसरी थाळी ठेवता ठेवता अंगठ्यानं थोडी फिरवली. तिचं लक्षही नव्हतं. "असं का?" विचारलं तर म्हणाली, "असंच लावत्यात की." वेनबाचा मुलगा कवीन मोठा होऊन तीच वही उघडतो, तेव्हा त्याला तमिळ धड वाचता येत नाही. तिथं मी कंट्रोलर खाली ठेवला. पुढं खेळायला दुसरा दिवस उजाडला.

लहानपणी बाबा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या बघायला न्यायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "कोण पडला ते सांगू नको, पकड कुठं सुटली ते सांग." गेमवर लिहिताना मी हेच करतो. ग्राफिक्स कसे आहेत, किती तासांत संपतो, हे कुणीही सांगेल. हाताला काय करायला लावलं आणि त्यानं मनात काय हललं, हे मला लिहायचं असतं.

म्हणूनच 'राजी'कडं पुन्हा वळलो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा २०२० चा गेम. राजी खांबाला धरून गरगर फिरते आणि त्याच फिरकीत भोवतालच्या राक्षसांवर तुटून पडते. मल्लखांब बघत वाढलेल्या माणसाला ती चाल लगेच ओळखीची वाटते. शेवट मात्र अर्ध्यात तोडल्यासारखा आहे, आणि हे मी लेखातही लिहिलं. आपल्या माणसांचं काम आहे म्हणून हात आखडता घेतला नाही.

रात्री झोपण्याआधी 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेम खेळतो. पोकरसारख्या पानांच्या जुळण्या लावायच्या, जोकरांनी गुण वाढवायचे, खरा पैसा एकही लावायचा नाही. कायद्याची बातमी वाचून काळजीत पडलेल्या एका मावशींना तो शेजारी बसवून दाखवला. तिसऱ्या डावाला त्याच सांगू लागल्या, कुठलं पान टाकायचं ते.

आता पुढचं काम. आमच्या भागात एक गेमिंग कॅफे आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की एकमेकांकडं बघायलाही तयार नसलेली दोन तालमींच्या संघांची पोरं संध्याकाळी तिथं एकाच सोफ्यावर बसून फुटबॉलचा गेम खेळतात. तो गेम बनवणाऱ्या ईए कंपनीनं २०२३ पासून त्याचं 'फिफा' हे नाव बदललं, तरी त्यांच्या तोंडी अजून "फिफा लाव"च. कन्सोलवर शिकलेली एखादी चाल मैदानात करून बघता का, असं मी सहज विचारलं, तर चौघंही एकदम बोलायला लागले. शनिवारी पुन्हा जाणार आहे, वही घेऊन.