रुमाल टाकून धरलेली जागा

बुधवार, रात्र

नोकरी कुर्डुवाडीला आणि घर सोलापुरात, त्यामुळं रेल्वेचा पास कायम पर्समध्ये असतो. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. ओळखीचे लोक विचारतात, रोज रोज गाडीचा कंटाळा येत नाही का? गाडीचा येत नाही. गर्दीचाही राग येत नाही. कुणी दवाखान्याला निघालेलं असतं, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी पुण्यात शिकणाऱ्या पोराला डबा द्यायला. सगळ्यांना जायचंच असतं आणि जनरलचे डबे मोजकेच. राग येतो तो त्याच गर्दीत स्वतःपुरती ऐसपैस सोय करून घेणाऱ्यांचा. आज तो इतका आलाय की लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

संध्याकाळी पुण्याकडून येणारी गाडी कुर्डुवाडीला लागली, तेव्हा मागच्या जनरल डब्याचं दार आतून लावलेलं. खाली आम्ही पासवाले, मिरजेकडच्या गाडीनं येऊन इथं गाडी बदलणारी पंढरपूरची दोन-तीन कुटुंबं आणि एक बाई. तिच्या कडेवर पोरगं, पायाशी ज्वारीचं अर्धं पोतं. खिडकीतल्या माणसानं आमच्याकडं न बघताच हात हलवला. "फुल्ल आहे, पुढं जा." पुढं म्हणजे कुठं? पुढं स्लीपर. जनरलच्या तिकिटावर तिथं चढलं की टीसी दंड करणार, आणि तो करेल तेव्हा चूक आमचीच असणार. गाडी काय आमच्यासाठी थांबून राहणार नाही. मी दारावर हात आपटत राहिले. गाडीनं हिसका दिला तेव्हा कुठं आतल्या एका कॉलेजच्या पोरानं कडी काढली. पोतं आम्ही दोघींनी ओढून वर घेतलं, पोरगं कुणीतरी हातात घेतलं आणि ती बाई शेवटी चढली.

दाराशी आठ-दहा जण दाटीनं उभे होते हे खरं. पण आत सरकल्यावर काय दिसलं? एका अख्ख्या बाकावर एक गृहस्थ तोंडावर टॉवेल टाकून आडवे. समोरच्या बाकावर तीन माणसं आणि त्यांच्या शेजारी बसवलेल्या दोन बॅगा. वर रॅकवर बॅगांना जागा होती. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "काका, जरा उठून बसता का? लेकरू आहे यांच्याजवळ." टॉवेल बाजूला न करता उत्तर आलं, "तब्येत बरी नाही माझी." तब्येतीचं म्हटल्यावर माणूस गप्प बसतो. मीही बसले. मोहोळ आलं तसे काका उठले, गर्दीतून वाट काढत दारात गेले, खारे शेंगदाणे घेतले, परत आले आणि पुन्हा आडवे झाले. टरफलं खाली, त्या बाईच्या पोत्यावर.

आणि ती बाई मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. थोडंच ऱ्हायलंय आता. कशाला भांडायलाव?"

हे ऐकलं आणि डोकं फिरलं. गाडीत जागा कोण देतं, तर जो भांडत नाही तो. म्हातारी माणसं, पोरं घेतलेल्या बाया, पहिल्यांदाच प्रवासाला निघालेलं खेड्यातलं माणूस, आजारी माणूस. जो हटून बसतो त्याला कुणी हात लावत नाही, आणि जो मऊ आहे त्यालाच डबाभर सगळे सरकवत राहतात. मघाच्या त्या बॅगा हलल्या, पण कधी? एका धिप्पाड माणसानं काही न विचारता त्या उचलून वर ठेवल्या तेव्हा. बॅगवाले एक अक्षर बोलले नाहीत. मी दोनदा विनंती केली होती, तेव्हा त्यांना ऐकू आलं नव्हतं.

आतून कडी लावणाऱ्यांना वाटतं, आपण आपली जागा राखतोय. पण 1989 च्या रेल्वे कायद्यात अशी वाट अडवणाऱ्यांचीही नोंद आहे. कलम 155 मध्ये दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. दुसऱ्याच्या आरक्षित जागेत घुसून बसलेला, सांगूनही न उठणारा प्रवासी दोषी. आणि जो डबा आपल्यासाठी राखीव नाही, त्यात दुसऱ्या प्रवाशाला चढू न देणाराही दोषी. पहिल्याला 500 रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्याला 200 पर्यंत. पहिली बाजू सगळ्यांना पाठ असते, जनरलच्या डब्यातली माणसंसुद्धा ती ऐकवतात. दुसरी मी आजवर एकाच्याही तोंडून ऐकलेली नाही. जनरलचा डबा कुणाच्या बापाचा नाही, असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. कायदाही नेमकं तेच म्हणतो.

सकाळचं चित्र वेगळं, पण मुळात प्रकार तोच. सोलापूर स्टेशनात गाडी प्लॅटफॉर्मला लागत असतानाच खिडकीच्या गजांतून रुमाल आत जातात. रुमाल संपले की पाण्याची बाटली, वर्तमानपत्राची घडी, डब्याची पिशवी. एक माणूस चढतो आणि सहा जागा धरतो. बाकीचे पाच जण बाहेर निवांत चहा घेत उभे. हे करणारे परके नाहीत, आमचेच पासवाले आहेत. वर्षानुवर्षं एकत्र जाणारी, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणारी, कुणाचा बाप गेला तर रजा टाकून खांदा द्यायला जाणारी माणसं. म्हणूनच मला हे जास्त लागतं.

गेल्या आठवड्यातली आजी डोळ्यांसमोरून जात नाही. सोलापुरात दवाखाना करून गावाकडं परत निघालेली, हाताला सलाईनची पट्टी तशीच, बरोबर नातू. निळ्या चौकटीच्या रुमालापाशी येऊन तिनं विचारलं, "इथं कोण हाय का बाळ?" आमच्यातलाच एकजण म्हणाला, "येणार आहेत आजी." आजीनं रुमालाला हातही लावला नाही. नातवानं खाली कागद अंथरला, आजी त्यावर बसली. गाडी सुटली, बाळे गेलं, पाकणी गेलं, रुमाल तिथंच. ज्याच्यासाठी धरला होता तो पलीकडच्या डब्यात पत्ते खेळत होता. मी तो रुमाल उचलून आजीला वर बसवलं. त्यावर दोन दिवस ग्रुपमधले दोघे माझ्याशी बोलले नाहीत. नका बोलू. तिकीट आजीनंही काढलं होतं, आणि रुमालाचं कुणी काढलं नव्हतं.

मोबाईलचं तर काय लिहावं. एका डब्यात चार ठिकाणी चार आवाज. एकीकडं रील, एकीकडं क्रिकेट, एकीकडं कीर्तन, आणि कुणीतरी स्पीकर चालू ठेवून जमिनीच्या वाटणीवरून भावाशी भांडतंय. त्या भावाचं उत्तर आम्ही सगळ्यांनी का ऐकायचं? एका तरुणाला मी साधं सांगितलं, "दादा, इअरफोन लावा की." तो म्हणाला, "का ओ म्याडम, गाडी काय तुमच्या घरची हाय का?" नाही. म्हणूनच तर सांगतेय. घरची असती तर दार लावून घेतलं असतं. इथं दार नाही, कान बंद करता येत नाहीत, उठून दुसरीकडं जाता येत नाही. समोर कपाळाला बाम लावून डोळे मिटून बसलेली बाई होती, तिनं पदर कानावरून घेतला. पुन्हा तेच, त्रास होतोय तिनंच काहीतरी करायचं.

रात्रीच्या गाडीत निदान नियम तरी आहे. दहानंतर मोठ्यानं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. मधला बर्थ रात्री 10 ते सकाळी 6 उघडता येतो. 2017 च्या परिपत्रकानं ही वेळ ठरली आहे, आधी ती 9 पासून होती. आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस सोलापुरातून सुटते तीच मुळी दहा वाजून गेल्यावर, म्हणजे मधल्या बर्थवाल्यानं चढल्या चढल्या आडवं व्हायला कुणाची हरकत नसावी. तरी खालच्या बर्थवर तासभर डबे उघडून बसतात. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं. जेवण चांगलंच असतं, शेजाऱ्यालाही प्रेमानं देतात. पण मधला बर्थ ज्याचा असतो तो उभा राहून चटणीचा वास घेत असतो आणि "झालंच आमचं" हे पुन्हा पुन्हा ऐकत असतो. ग्रामदैवताच्या नावाची गाडी आहे. गड्ड्याच्या यात्रेत रांगेत तासन् तास शिस्तीत उभी राहणारी हीच माणसं आहेत.

नावावरून आठवलं. रविवारी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आले. माझ्या पुढच्या खिडकीतला माणूस मावा मळत होता. भिगवण सोडलं आणि त्यानं बाहेर पिंक टाकली. चालत्या गाडीत बाहेर टाकलेलं बाहेर जात नाही, वाऱ्यानं मागच्या खिडकीतून आत येतं. माझ्या बाहीवर, शेजारच्या मुलीच्या ओढणीवर आणि तिच्या वहीच्या उघड्या पानावर लाल ठिपके. मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती. त्याला सांगितलं तर त्यानं मागं वळून बघितलं आणि "वारा आलाय, मी काय करू" म्हणाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्यांच्या आठवणीत हे नाव गाडीला दिलंय. सोलापुरातल्या त्यांच्या चार पुतळ्यांपाशी मी लहानपणापासून वडिलांबरोबर नमस्काराला जाते. हे नाव डब्याच्या पाटीवर वाचून आत चढायचं आणि बेसिनमध्ये, दाराच्या कोपऱ्यात, खिडकीतून थुंकत जायचं, हे मला सहन होत नाही. कुणाला हे फार मनाला लावून घेणं वाटेल. वाटू दे.

बाकीचं थोडक्यात. समोरच्या बाकावर चपलेसकट पाय. शेवटच्या स्टेशनाला उतरायचं असूनही पहिल्यापासून दारात ठिय्या. खालच्यांना उतरू न देता वर घुसणारे. बायकांच्या डब्यात "बायको आत आहे" म्हणून उभे राहणारे नवरे, आणि बायको सापडली तरी न जाणारे.

लोकांना जमत नाही असं मात्र नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी कुर्डुवाडीपर्यंतची गाडी बघावी. रोजच्यापेक्षा दुप्पट माणूस असतं. वारकरी बाया चढतात, गाठोडं मांडीवर घेतात, पाय आखडून बसतात आणि स्वतःहून म्हणतात, "ये माय, टेक हितं." तीन जणींच्या बाकावर पाच जणी बसतात, सहावीचं लेकरू चौथीच्या मांडीवर झोपतं. त्यांना कुणी कलम सांगितलेलं नसतं. डबा तोच, बाक तेच. मग इतर दिवशी तीन माणसं आणि दोन बॅगा का?

आज घरी येता येता 139 वर, म्हणजे रेल्वेच्या तक्रारीच्या नंबरवर, फोन केला होता. तक्रार नोंदवून घेतली, डब्याची जागा विचारली. सोलापूर आलंच होतं, आज त्याचा उपयोग झाला नाही. पण याआधी एकदा झालाय. बायकांच्या डब्यात दारू पिऊन चढलेल्या माणसाला पुढच्याच स्टेशनावर पोलिसांनी उतरवला होता. म्हणून हा नंबर मी ऑफिसातल्या सगळ्या जणींच्या मोबाईलमध्ये टाकून दिलाय.

जेवण झाल्यावर पासवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, की उद्यापासून माझ्यासाठी कुणी जागा धरायची नाही, आणि रुमाल टाकायची ही पद्धतच आपण सगळ्यांनी बंद करावी. जो चढला तो बसला, आणि म्हातारं माणूस, आजारी माणूस, लेकुरवाळी दिसली की आपल्यातल्या एकानं उठायचं. दोघींनी लगेच होकार दिला. एका काकांनी लिहिलं, "म्हणणं बरोबर आहे पण लोक ऐकणार नाहीत." बाकीच्यांनी वाचलं आणि गप्प बसले. थोड्या वेळानं निळ्या रुमालवाल्यांचा मेसेज आला, "मग काय म्याडम, रोज सोलापूरपासून कुर्डुवाडीपर्यंत आम्ही उभं राहायचं का?"

मी लिहिलं, "हो. मोहोळला चढणाऱ्या बाया रोज उभ्याच असतात."